सूत्रं पाठ, पण पेपरात पाटी कोरी

"मॅडम, घरी विचारलं की सगळी सूत्रं घडाघडा म्हणते. पेपर हातात पडला की पाटी कोरी. हिची स्मरणशक्ती कमी आहे का हो?"

दहावीतल्या मुलीची आई विचारत होती. मुलगी शेजारी बसून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. घटक चाचणीत निर्देशक भूमितीचं, म्हणजे (एक्स, वाय) अशा आकड्यांच्या जोड्यांनी बिंदू दाखवायच्या भूमितीचं, एकही उदाहरण तिच्याकडून पुरं झालं नव्हतं. दिवाळीनंतर हा प्रश्न मला दरवर्षी ऐकायला मिळतो, म्हणून ही हकिकत लिहिते आहे. मुलीची ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही.

मी तिला अंतराचं सूत्र, म्हणजे दोन बिंदूंमधलं अंतर काढायचं सूत्र, म्हणायला सांगितलं. तिनं एका दमात म्हटलं. "यातलं एक्स टू वजा एक्स वन म्हणजे नेमकं काय गं?" असं विचारल्यावर ती क्षणभर थांबली आणि तिनं सूत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मधूनच तोडलं की पाढा परत एकापासून म्हणावा लागतो ना, तसं. स्मरणशक्तीत काहीच उणं नव्हतं. सूत्र फक्त आवाज म्हणून पाठ होतं.

माझं चुकलं ते इथे. पहिल्या दोन भेटी मी श्वासाचे व्यायाम आणि परीक्षेची भीती यांवरच घालवल्या. तिला झोप बरी लागायला लागली, गणित मात्र तिथेच राहिलं. भीती खरी होती. भीतीनं मन व्यापलं की मनातल्या मनात आकडे धरून ठेवायला जागा उरत नाही. पण सूत्राचा अर्थच ठाऊक नसेल, तर भीती जाऊनही काय उपयोग?

मग गणिताच्या बाईंशी बोलले. त्यांनी शाळा सुटल्यावर एक रिकामी वर्गखोली उघडून दिली. खाली फूटभर लांबीरुंदीची शहाबादी फरशी. ती एकटी संकोचली असती, म्हणून तिच्या चार मैत्रिणींनाही बोलावलं. खडूनं दोन अक्ष आखले. फरशांचे सांधे जिथे एकमेकांना छेदतात ते आपले बिंदू. आरंभबिंदूवर एकीनं डबा ठेवला.

बिंदू अ (−२, −२) आणि बिंदू ब (६, ४). आधी वहीत अंतर काढायला सांगितलं. तिनं ६ मधून २ वजा केले, ४ मधून २ वजा केले आणि वर्गमुळात २० लिहून पेन खाली ठेवलं.

"आता चालून बघ," मी म्हटलं. ती अ वर उभी राहिली आणि एक्स-अक्षाला समांतर निघाली. एक, दोन, तीन... आठ फरशा झाल्या. वळली, वर सहा. ब वर पोचली आणि वळून मागे बघायला लागली. "मॅडम, आठ कशा आल्या? वहीत चार आहेत." कुणीच काही बोललं नाही. ती परत चालत अ पर्यंत गेली आणि या वेळी वाय-अक्षाची खडूची रेघ ओलांडताना थांबली. "इथपर्यंतच दोन झाल्या. मग पुढच्या सहा." सहा वजा, उणे दोन. वर्गात कितीदा ऐकलेलं ते 'वजा वजा अधिक' तिला पायाखाली सापडलं होतं.

अ पासून ब पर्यंत सुतळी ताणली आणि ती फरशांच्या रांगेवर ठेवून मोजली. दहा फरशा. ८ चा वर्ग ६४, ६ चा ३६, बेरीज १००. "हे तर पायथागोरस आहे!" तिची मैत्रीण ओरडली. अंतराचं सूत्र पायथागोरसचंच आहे, हे पुस्तकात लिहिलेलं असतं. पण वाचून कळणं वेगळं आणि सुतळी हातात धरून कळणं वेगळं.

विभाजनाच्या सूत्रात, म्हणजे रेषाखंडाला दिलेल्या गुणोत्तरात विभागणारा बिंदू काढताना, मुलं हमखास अडखळतात, कारण गुणोत्तरातला कुठला आकडा कुणाला गुणायचा हेच उलटं होतं. ब एक फरशी सरकवून (७, ४) केला आणि सुतळीचे तीन सारखे भाग केले. पहिल्या खुणेला प हा बिंदू, गुणोत्तर १:२. सुतळीवरची खूण सरळ (१, ० ) वर आली. मग कावडीची आठवण करून दिली. जड घागर खांद्याच्या जवळ घ्यावी लागते. प हा अ च्या जवळ, म्हणजे वजन अ कडे जास्त, म्हणून २ अ ला आणि १ ब ला. सात अधिक उणे चार, भागिले तीन, एक. चार अधिक उणे चार, शून्य. त्या दिवसापासून आकडे उलटे लावलेले मी तिच्या वहीत पाहिले नाहीत.

घरी आईनं काय करावं? पुठ्ठ्यावर आलेख कागद चिकटवून (१, १), (७, २), (४, ९) हा त्रिकोण कापायला सांगितला. एक्सची बेरीज १२, वायची १२, दोन्ही भागिले ३. (४, ४) हा त्रिकोणाचा मध्यगासंपात, म्हणजे त्याचा तोल सांभाळणारा बिंदू. त्याखाली पेन्सिलीचं टोक धरलं की पुठ्ठा आडवा तोलून राहतो. आईनंच पहिल्यांदा तोलला आणि मला आवर्जून फोन केला. त्या घरात गणितावरून रडारड सोडून दुसरं काही झाल्याला बरेच महिने झाले होते.

एक मात्र पालकांनी ध्यानात ठेवावं. नुसता खेळ पुरत नाही. प्रत्येक फेरीनंतर आम्ही खाली बसून तेच गणित चिन्हांत लिहीत होतो. हा दुवा तुटला, तर मजा आठवते आणि सूत्र तसंच परकं राहतं.

पूर्वपरीक्षेचा पेपर तिनं मला आणून दाखवला. अंतराच्या उदाहरणाशेजारी, समासात, पेन्सिलीनं काढलेला चिमुकला काटकोन त्रिकोण होता. "सूत्र आठवेना मॅडम, मग चालून बघितलं," ती म्हणाली.

रेषेचा चढ अजून तिला जड जातो. शाळेच्या दारात चाकाच्या खुर्चीसाठी १२ फुटांत १ फूट चढणारा रॅम्प आहे. मंगळवारी मोजपट्टी घेऊन आम्ही सगळ्याजणी तिथे जाणार आहोत.