दूध चालत आणता येतं का?

परदेशी गेलेली मुलं आणि इथे राहिलेले आईवडील, दोघांच्याही प्रश्नांचं हे सदर. उत्तरं देणाऱ्या बाई बारा वर्षं शिकागोत आणि दहा वर्षं ह्यूस्टनमध्ये काढून २०१८ मध्ये पुण्याला परतल्या. सध्या मुक्काम एरंडवणे.

प्रश्न : मुलाला अमेरिकेत जाऊन चार वर्षं झाली. आता दोन नोकऱ्या चालून आल्यात, एक शिकागोत, एक ह्यूस्टनमध्ये. पगार जवळपास सारखाच. ह्यूस्टनला राज्याचा कर नाही, घरं स्वस्त, हवा आपल्यासारखी, म्हणून आमच्या यजमानांचा कल तिकडे. शिकागोची थंडी आणि तिथल्या बातम्या ऐकून मलाही धडकी भरते, त्यात माझे गुडघे. सून एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारावर, आहे, तिला गाडी येत नाही. नोव्हेंबरात तिचं बाळंतपण, त्यासाठी आम्ही दोघं जाणार. तुम्ही दोन्हीकडे राहिला आहात. कुठलं शहर चांगलं? मुलाला काय सांगू?
— वि. कु., सहकारनगर

उत्तर : मुलाला काहीही सांगू नका. त्याने ऐकलं नाही तर तुम्हाला वाईट वाटेल, आणि ऐकलं तर पुढची वीस वर्षं घरात कुठलाही पाइप फुटला तरी तुमचं नाव निघेल. फक्त एक विचारा : "जिथे राहणार आहेस, तिथून दूध चालत आणता येतं का?"

आमचे सासरे, नाना, पुण्यात रोज पहाटे पर्वती चढायचे. शिकागोत आम्ही डेव्हॉन ॲव्हेन्यूपासून दोन गल्ल्या आत भाड्याने राहत होतो. पटेल ब्रदर्स या देशी किराणा दुकानांच्या साखळीचं पहिलं दुकान १९७४ मध्ये याच रस्त्यावर निघालं. नाना आले आणि तिसऱ्या दिवशी त्यांना शहर कळलं. तिथे स्टेट आणि मॅडिसन हे दोन रस्ते जिथे मिळतात तो शून्याचा कोपरा. तिथून घरांचे नंबर चारी दिशांना वाढत जातात, दर मैलाला आठशे. डेव्हॉन म्हणजे ६४०० उत्तर. नानांनी जेवताना भागाकार केला. "म्हणजे आपण मॅडिसनपासून आठ मैल वर. अगं, हे तर आपल्या पेठांपेक्षा सोपं आहे!" पेठेत जन्मलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मी भाजी वाढायची थांबले.

मग ते रोज वेस्टर्न ॲव्हेन्यूपर्यंत जात. तिथल्या एका मिठाईवाल्याकडे त्यांची हैदराबादच्या एका निवृत्त मास्तरांशी गट्टी जमली. येताना दुधाचा कॅन. एकदा तर मला न सांगता १५५ नंबरची बस आणि पुढे लाल लाईनची लोकल पकडून ते आर्ट इन्स्टिट्यूटला जाऊन आले. १८९३ मध्ये विवेकानंद बोलले ती जागा बघायची होती म्हणे. वय वर्षं सत्तर, इंग्रजी कोर्टातल्या कारकुनाचं. संध्याकाळी दारात उभे राहिले ते छाती पुढे काढून.

२००८ मध्ये आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीला गेलो. चार बेडरूमचं स्वतःचं घर, मागे अंगण, अंगणात जमिनीत लावलेला कढीपत्ता. शिकागोत तो कुंडीत होता आणि ऑक्टोबर लागला की घरात घ्यावा लागायचा. नाना पुन्हा आले. पहिल्या सकाळी फिरायला निघाले, वसाहतीच्या फाटकापर्यंत सुंदर फुटपाथ, झाडं, तळं, बदकं. फाटकाबाहेर सहा पदरी रस्ता. पलीकडे दुकानाची पाटी दिसत होती, दूध तिथेच, पण मधे फुटपाथ नाही आणि सिग्नल कुठे तर अर्ध्या मैलावर. नाना गवतातून चालू लागले. दहा मिनिटांत एक गाडी थांबली, आतल्या बाईंनी अदबीने विचारलं, आजोबा, तुम्ही वाट चुकलात का? त्यांनी गाडीत बसवून घरी आणून सोडलं. भल्या बाई होत्या, मी त्यांना चहाला थांबवलं. पण नाना त्यानंतर एकटे फाटकाबाहेर गेले नाहीत. सहा महिन्यांतले साडेपाच महिने तळ्याभोवती फेऱ्या मारून बदकं मोजली.

तुमच्या सुनेचं काय होईल, ते यावरून बघा. एच-फोरवरच्या बायकोला काम करायची परवानगी मिळते ती नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्यावर गेल्यावर, आणि तीही २०१५ पासून. तोवर ती घरात, मांडीवर तान्हं बाळ, नवरा ऑफिसात, आणि घरातली एकुलती गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये. केटीत अशा कितीतरी मुली माझ्या ओळखीच्या होत्या. मोठमोठी घरं आणि दुपारी दोन वाजता खिडकीशी उभी असलेली बाई. गाडी शिकली की चित्र बदलतं, म्हणून शहर कुठलंही असो, सुनेला आत्ताच लायसन्सच्या मागे लावा. हे मात्र जरूर सांगा, मी सांगितलं म्हणून सांगा.

आता हवा. ह्यूस्टन आपल्यासारखं म्हणणाऱ्या तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा आणि विचारा, आपल्यासारखं म्हणजे कोणासारखं? पुण्यासारखं नव्हे. मे महिन्यातली मुंबई घ्या, ती जूनपासून सप्टेंबरपर्यंत ताणा, आणि माणसांना घर, गाडी, दुकान अशा एसीच्या तीन डब्यांतून हिंडवा, ते ह्यूस्टन. थंडीतले चार महिने मात्र सुरेख, याबाबत वाद नाही. तुमची या खेपेची वारी नेमकी त्याच दिवसांत आहे, तेव्हा फक्त बाळंतपणापुरतं बोलायचं तर ह्यूस्टन सोपं जाईल. शिकागोत डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य बुडतो आणि ओल्या बाळंतिणीला ते अंधारलेले दिवस जड जातात.

शिकागोची थंडी मी कमी करून सांगणार नाही. ३० जानेवारी २०१९ ला तिथे पारा उणे ३० सेल्सिअसवर गेला होता. रुळांचे सांधे गोठू नयेत म्हणून रेल्वेवाले त्यांच्याखाली गॅसच्या ज्वाळा पेटवतात. पण घरात तुम्हाला सुती साडीवर वावरता येतं. घरमालकाने दिवसा निदान २० अंश ऊब दिलीच पाहिजे असा शहराचा कायदा आहे. माझे गुडघे शिकागोत दुखले नाहीत असं नाही, पण जास्त दुखले ते केटीत, चालणं बंद झाल्यावर. डॉक्टर मी नाही, गुडघे माझे आहेत.

आणि एक गंमत. मोठा बर्फ पडला की लोक गाडीपुरती जागा फावड्याने उकरून काढतात, आणि कामाला जाताना त्या जागेत मोडकी खुर्ची, इस्त्रीचं टेबल, काय हाताला लागेल ते ठेवून जातात. जागा माझी! याला ते 'डिब्ज' म्हणतात. कायद्यात बसत नाही, पण खुर्ची हलवायची कोणाची छाती होत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या माणसाला हे शहर परकं कसं वाटेल?

ह्यूस्टनचा खरा प्रश्न उन्हाचा नाहीच, पाण्याचा आहे. तुम्ही सहकारनगरच्या, २५ सप्टेंबर २०१९ ची आंबिल ओढ्याच्या पुराची रात्र तुम्हाला मी काय सांगू. केटीच्या बाजूला ॲडिक्स आणि बार्कर अशी दोन धरणं आहेत, १९४० च्या दशकात बांधलेली. एरवी कोरडी असतात, आत बागा, खेळाची मैदानं. पाऊस झाला तरच भरायची. पण पूर्ण भरली तर पाणी जिथवर येईल, त्या जमिनीवरही मधल्या काळात वसाहती झाल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळ आलं. वरच्या अंगाच्या घरांत धरणाचा फुगवटा शिरला, आणि दरवाजे उघडल्यावर खालच्या अंगाची बफेलो बायूकाठची घरं बुडाली. खडकवासल्याचा विसर्ग वाढला की आपल्याकडे सिंहगड रस्त्यावर जीव वरखाली होतो ना, तसंच. माझ्या मैत्रिणीच्या दिवाणखान्यात कमरेएवढं पाणी आठवडाभर उभं होतं. घर विकणाऱ्या एजंटने तिला धरणाचा 'ध'सुद्धा सांगितला नव्हता. शिवाय घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही, तो विमा वेगळा काढावा लागतो, हेही तिला त्या आठवड्यात कळलं.

तेव्हा मुलगा ह्यूस्टनला गेलाच, तर घर घेण्याआधी पत्ता पुराच्या सरकारी नकाशावर बघू दे. तेवढ्यावर थांबू नये, कारण नकाशातल्या पूररेषेच्या बाहेरचीही असंख्य घरं हार्वेत बुडाली. शेजारच्या जुन्या माणसाला विचारावं, सतराला इथे पाणी कुठवर आलं होतं? बाहेरच्या भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. आणि थंडी नाही म्हणून घरंही थंडीसाठी बांधलेली नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये उणे १० झालं, टेक्सासची वीज कोलमडली, आणि माझ्या भाच्याच्या माळ्यावरचे पाइप फुटून छत पलंगावर आलं.

पैशाचं थोडक्यात. शिकागोच्या इलिनॉय राज्याचा आयकर सरसकट ४.९५ टक्के, ह्यूस्टनच्या टेक्सासचा शून्य. लाख डॉलर पगारावर वर्षाला पाचएक हजारांचा फरक. दुकानातला विक्रीकर शिकागोत दहा टक्क्यांच्या वर, ह्यूस्टनमध्ये ८.२५. घरपट्टी दोन्हीकडे कंबरडं मोडणारी. ह्यूस्टनच्या नव्या वसाहतींत रस्ते-ड्रेनेजसाठी वर 'मड' नावाचा आणखी एक कर, नाव अगदी शोभणारं. घरं मात्र ह्यूस्टनला खरंच स्वस्त. पण दुसरी गाडी, तिचा विमा, पेट्रोल आणि चार महिन्यांचं एसीचं बिल मांडलं की आमच्या वहीत तरी त्या पाच हजारांतलं फारसं उरलं नव्हतं.

गुन्हेगारीचं म्हणाल तर शहराचं नाव ऐकून घाबरू नका, गल्ली विचारा. हे दोन्हीकडे लागू.

माझा कल शिकागोकडे, हे लपलेलं नाहीच. पण एक मेख आहे. तुमचा मुलगा शिकागो म्हणून नेपरव्हिल किंवा शॉमबर्गसारख्या उपनगरात घर घेणार असेल, आणि आपली बहुतेक मंडळी तेच करतात, तर तिथेही गाडीशिवाय पान हलत नाही. मग थंडीही सोसायची आणि बदकंही मोजायची. नेपरव्हिलच घ्यायचं तर स्टेशनापासून चालत जाता येईल असं घ्यावं. शहरात थेट लोकल आहे, नदीकाठी फिरायची वाट आहे, वाचनालय उत्तम.

प्रश्न : मुलगी शिकागोत आहे. आम्हा दोघांना दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. कधी जावं, आणि एका खेपेत वर्षभर राहता येईल का?
— निवृत्त बँक कर्मचारी, चिंचवड

उत्तर : नाही. दहा वर्षं ही दारात येण्याची मुदत, घरात राहण्याची नव्हे. विमानतळावरचा अधिकारी तुम्हाला किती दिवस देतो ते महत्त्वाचं, बहुधा सहा महिने देतात. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. पासपोर्टावर शिक्का असेलच असं नाही, म्हणून पोचल्यावर आठवड्याच्या आत मुलीला संकेतस्थळावर बघायला सांगा आणि कागद छापून पासपोर्टात ठेवा. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ व्हिसावरची तारीख धरून निवांत बसले होते. तो किस्सा त्यांनाच आवडत नाही, म्हणून सोडते.

मेच्या मध्याला जा आणि ऑक्टोबरअखेर या. पुण्यातला अर्धा मे चुकेल आणि तिथली झाडं लाल झालेली दिसतील. संध्याकाळी मिशिगन तळ्याकाठी जा. तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, खारा वास तेवढा नाही. पाहुण्यांचा वैद्यकीय विमा इथूनच काढून न्या, आणि जुन्या दुखण्याला तो कितपत लागू, ते ओळ न ओळ वाचून घ्या. बँकेतले आहात, बारीक अक्षरांची सवय असेल.

प्रश्न : लेकीने गोडा मसाला, आंबेमोहोर आणि ताजा कढीपत्ता मागवलाय. नेता येईल का?
— एक आई, सदाशिव पेठ

उत्तर : आंबेमोहोर नाही. आपल्याकडच्या तांदळातून खापरा किडा जाऊ नये म्हणून घरगुती पिशवीलाही बंदी आहे. ताजा कढीपत्ताही नाही, त्यावरून लिंबू-संत्र्याच्या झाडांचा रोग पसरतो अशी त्यांना धास्ती. दोन्ही तिथल्या देशी दुकानांत मिळतं. गोडा मसाला न्या. विमानतळावर खायचे पदार्थ आहेत का विचारतील, तेव्हा हो म्हणा. लपवलेलं सापडलं तर दंड होतो, सांगितलेलं फार तर काढून घेतात.

आणि मसाला एकात एक अशा तीन पिशव्यांत बांधा. शिकागोच्या पहिल्या खेपेला मी एकाच पिशवीवर भागवलं होतं. बॅगेतल्या सगळ्या साड्यांना वर्षभर दगडफुलाचा वास येत होता, अगदी मंडळाच्या गणपतीत नेसलेल्या पैठणीलाही.