सात आठवड्यांत सहा ठिकाणं? थोडं थांबा!

प्रश्न: ताई, मी आणि नवरा जूनमध्ये सात आठवड्यांची सुट्टी काढून पॅसिफिकला चाललोय. फिजी, सामोआ, टोंगा, कुक आयलंड्स, ताहिती आणि जमलं तर वानुआतू. दोघंही सह्याद्रीत भरपूर ट्रेक करतो. सगळं कसं बसवायचं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: बसेल हो, पण अर्धी सुट्टी एअरपोर्टवर जाईल. या बेटांमधली विमानं आपल्या मुंबई-पुण्यासारखी तासातासाला नसतात, एक फ्लाइट चुकली तर कधीकधी पुढच्या आठवड्यापर्यंत बसा. माझं ऐकाल तर फिजीला चार आठवडे द्या, उरलेले कुक आयलंड्सला, बाकी नावं खोडा. ताहिती फ्रान्सच्या अखत्यारीतलं, पण त्याचा व्हिसा वेगळाच, युरोपचा साधा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. फिजीत आपल्या पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही. महिना मात्र झकास निवडलाय, मे ते ऑक्टोबर कोरडा असतो आणि वादळं नोव्हेंबरनंतरची.

फिजीतल्या नांदी शहराजवळच्या देनाराव बंदरातून रोज सकाळी यासावा बेटांकडे कॅटामरान (जोडसांगाड्याची बोट) सुटते, एसटीसारखी बेटाबेटाला थांबत जाते, पास काढला की हवं तिथे उतरा, दोन दिवस राहा, पुढची पकडा. गावात शिरायचं तर यांगोनाची, म्हणजे कावाची, मुळं बाजारातून विकत घेऊन गावच्या प्रमुखाला द्यायची, त्याला सेवूसेवू म्हणतात. टोपी काढा, खांदे-गुडघे झाका. कावा चिखलाच्या पाण्यासारखा लागतो आणि जीभ बधिर होते, पण पहिली वाटी नाकारू नका, एक टाळी वाजवून घटाघट प्यायची.

आता डोंगर. फिजीचं सगळ्यात उंच शिखर तोमानिवी 1324 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (1646) बुटकंच, म्हणून हसू नका, कारण तिथे शिड्याबिड्या काही नाहीत, नुसता चिखल, मुळं आणि जंगल, नावाई गावातून वाटाड्या घेऊनच जा. मला स्वतःला तावेउनी बेटावरचा लावेनाचा किनारी ट्रेल जास्त आवडतो, शेवटी धबधब्यापर्यंत थोडं पोहत जावं लागतं. आणि हो, लौतोका-नांदीत डाळ-रोटीची चिंता नको, 1879 ते 1916 मध्ये साठेक हजार गिरमिटिया, म्हणजे करारावरचे भारतीय मजूर इथे आणले गेले, त्यांच्या नातवंडा-पणतवंडांची फिजी हिंदी तुम्हाला कळेल आणि तुमची त्यांना. बेटांवरच्या रिसॉर्टला मात्र शाकाहारी असल्याचं आधीच कळवा.

कुक आयलंड्समध्ये रारोटोंगा. बेटाला वळसा घालणारा रस्ता 32 किलोमीटर, बस एक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, एक उलटी, बसवर तसंच लिहिलेलंही असतं! बेटाच्या मधून आरपार जाणारी पायवाट तीनचार तासांची, मध्ये ‘ते रुआ मांगा’ नावाचा सुळका (413 मीटर). त्याच्या पायथ्यापर्यंतच जा, वर चढण्याचा हट्ट नको. ऑकलंडवरून जाणार असाल तर न्यूझीलंडचा ट्रान्झिट व्हिसा आधीच काढा. आणि तारीख बघा, वाटेत तारीखरेषा ओलांडता, म्हणजे आज निघून काल पोचता, हॉटेलचं बुकिंग एक दिवस चुकवणारे मी कितीतरी पाहिलेत (त्यात मीही).

प्रश्न: ट्रेकचे बूट नवे घेऊ की जुने चालतील?

उत्तर: जुनेच, पायाला बसलेले. पण चिखल ब्रशने खरवडून धुवा, तळव्याच्या खाचासुद्धा, कारण न्यूझीलंडच्या विमानतळावर बूट तपासतात आणि फॉर्मवर ट्रेकिंगच्या सामानाची माहिती द्यावीच लागते. लाडू, चिवडा, मसाले काहीही असलं तरी लिहून टाका, लपवलंत तर जागेवर 400 डॉलर दंड. आणि पाण्यात उतरायला जाड तळव्याची वेगळी चप्पल घ्या, पोवळ्याने कापलं की त्या दमट हवेत जखम लवकर चिघळते, अँटिसेप्टिक बॅगेच्या वरच्याच कप्प्यात ठेवा.