शब्दांची विचारपूस : दुष्काळ, उचल आणि लेणी

प्रश्न : नमस्कार सर, मी लातूरला एमपीएससीची तयारी करायलोय. गावाकडच्या परिस्थितीवर इंग्रजीत निबंध लिहिला, त्यात एकदा ड्राउट, एकदा स्केअर्सिटी आणि शेवटी फॅमिन असं लिहिलं, म्हणलं एकच शब्द सारखा नको. रूममेट म्हणला तिन्हीचा अर्थ दुष्काळच आहे, चालतंय. खरंच चालतंय का?

उत्तर : नाही चालत, दादा. आपल्या 'दुष्काळ' या एका शब्दात तिन्ही मावतात म्हणून हा घोळ होतो, पण घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याशी बोलून बघ, ते तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगतात. पाऊसच झाला नाही ते अवर्षण, म्हणजे ड्राउट. प्यायला पाणी आणि जनावराला चारा पुरंना ती टंचाई, म्हणजे स्केअर्सिटी. आणि माणसांना खायलाच मिळंना, उपासमारीनं माणसं दगावायला लागली, तो फॅमिन. ड्राउट हा ड्राय याच घरातला शब्द आणि फॅमिनचं मूळ लॅटिनमध्ये 'भूक' या अर्थाच्या शब्दात आहे, त्यामुळं पहिला आभाळाकडं बघून म्हणायचा आणि दुसरा ताटाकडं बघून.

१९७२ ला मी आठ वर्षांचा होतो. आई आणि काकू रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या, तिथं सुकडी म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ मिळायचा, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी. त्या मिलोच्या पिठाला चिकटा अजिबात नव्हता, आई गरम पाणी घालून उंडा मळायची तरी भाकरी थापताना कडा फाटायच्या, मग ती फाटलेल्या जागी ओलं बोट फिरवत बसायची. ते साल इंग्रजीत लिहायचं तर ड्राउट लिही. हाल फार झाले, पण हाताला काम आणि कामाला मजुरी मिळत गेली म्हणून ड्राउटचा मोठा फॅमिन झाला नाही, असंच अभ्यासक सांगतात, आणि त्याच अनुभवावर पुढं १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला. याच्या उलट १९४३ चा बंगाल. तिथं अंदाजे २० ते ३० लाख माणसं गेली, आणि अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं की धान्य काही एवढं कमी नव्हतं, भाव चढले आणि गरिबाला ते विकत घेता येईना. म्हणजे ड्राउट असून फॅमिन टळतो आणि मोठा ड्राउट नसतानाही फॅमिन पडतो. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी टाकले की निबंधातली माहितीच खोटी ठरते, नुसतं भाषेचे मार्क जात नाहीत.

तुझ्याच लातूरचं २०१६ घे. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. तिथं वॉटर स्केअर्सिटी लिहायचं, आणि ती कशामुळं आली तर ड्राउटमुळं. अजून एक, जुलैत वीसेक दिवस पाऊस उघडला, सोयाबीन माना टाकायला लागलं, त्याला लगेच ड्राउट म्हणू नको. आपण त्याला खंड म्हणतो, इंग्रजीत ड्राय स्पेल. आणि हो, उच्चार ड्राउट असाच, ड्रॉट नाही.

प्रश्न : सर, मी बीड जिल्ह्यातली, बीएच्या पहिल्या वर्षाला आहे. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जातात, जायच्या आधी मुकादमाकडून उचल घेतात. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये मी उचलीला लोन लिहिलं, मैत्रीण म्हणली डेट (debt) लिही. काय बरोबर?

उत्तर : ताई, दोन्ही नको, अ‍ॅडव्हान्स लिही. लोन पैशानं घ्यायचं आणि पैशानंच फेडायचं, बँकेचं पीककर्ज आहे तसं. उचल म्हणजे काम व्हायच्या आधी हातात आलेली मजुरी, ती तोडलेल्या टनावर फिटते. तुझ्या घरी कुणी 'उचल फेडली' म्हणतं की 'उचल फिटली' म्हणतं, जरा आठवून बघ, शब्दाचा सगळा फरक त्यातच आहे.

पण पट्टा पडला म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, ऊस कमी निघाला नाहीतर घरातलं कुणी आजारी पडलं आणि उचल फिटलीच नाही, तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडं जावं लागतं. ती अंगावरची बाकी म्हणजे डेट. पैसा तोच, दसऱ्याला अ‍ॅडव्हान्स असतो आणि हंगाम संपताना डेट होऊन बसतो. प्रोजेक्टमध्ये हे दोन्ही शब्द आपापल्या जागी वापर, वाचणाऱ्याला तुझ्या आई-वडलांचं वर्ष कळेल. किराणा दुकानातली उधारी ती क्रेडिट. आणि 'उसनं' हा आपला शब्द दोन्हीकडं चालतो, शेजारणीकडून उसनी साखर आणली तर बॉरो आणि दिली तर लेंड, इंग्रजीत दिशा बदलली की शब्द बदलतो.

डेटमधला बी कुणी उच्चारत नाही. हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हताच, लॅटिन मूळ दिसावं म्हणून पंडितांनी तो नंतर स्पेलिंगमध्ये घातला. आणि एक विनंती, 'एक कोयता' याचं भाषांतर सिकल करू नको, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, शब्द तसाच ठेव आणि पुढं एका ओळीत समजावून सांग.

प्रश्न : मी वेरूळला पर्यटकांना माहिती सांगतो. एका परदेशी बाईंनी विचारलं, हे केव्ह आहे तर मग टेम्पल कसं? मला नीट सांगता आलं नाही.

उत्तर : केव्ह म्हणजे खरं तर गुहा, निसर्गानं झालेली. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी एकही तशी नाही, सगळी छिन्नी-हातोड्यानं खोदलेली, म्हणून मराठीत आपण गुहा न म्हणता लेणी म्हणतो. इंग्रजीत केव्हच रूढ झालंय, पाटीवरही तेच आहे, तेव्हा केव्ह म्हणाच पण आधी रॉक-कट लावा. कैलास १६ नंबरचं, तिथं तर केव्ह म्हणूच नका, रॉक-कट टेम्पल म्हणा, कारण तो अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलाय आणि देवळाच्या डोक्यावर मोकळं आभाळ आहे. बाईंना आत न्यायच्या आधी अंगणात उभं करा आणि वर बघायला सांगा.