ओट्यासाठी क्वार्ट्झ घ्यावा का?

प्रश्न : आमचा काळ्या ग्रॅनाइटचा ओटा वीस वर्षांचा झाला आहे. आता स्वयंपाकघर नव्याने करताना पांढरा क्वार्ट्झ बसवावा, असा मुलांचा आग्रह आहे. हा नैसर्गिक दगडच असून त्याला काहीही होत नाही, असे दुकानदार सांगतो. आमच्याकडे रोज भाकरी होते आणि गरम तवा सरळ ओट्यावर उतरवण्याची सवय आहे. आपला सल्ला काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे अर्धेच खरे आहे. बाजारात क्वार्ट्झ म्हणून मिळणारी लादी खाणीतून अखंड निघत नाही. गारगोटीचा चुरा, बहुधा पॉलिएस्टर जातीचे रेझिन (चुरा बांधून ठेवणारा प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ) आणि रंग एकत्र करून, निर्वात अवस्थेत कंप व दाब देऊन ती कारखान्यात घडवली जाते. वजनाने साधारण 90 टक्के किंवा त्याहून थोडा अधिक भाग गारगोटीचा असतो आणि उरलेला मुख्यतः रेझिनचा. या लादीचे गुण आणि दोष दोन्ही त्या थोड्याशा रेझिनमुळेच येतात. रेझिनने छिद्रे भरून निघत असल्यामुळे पाणी व तेल आत मुरत नाही आणि फिकट ग्रॅनाइटला अधूनमधून लावावा लागणारा सीलर, म्हणजे छिद्रे बुजवणारा लेप, येथे लागत नाही. परंतु तेच रेझिन उष्णतेपुढे हार मानते. साधारण 150 अंश सेल्सिअसच्या पुढे ते पिवळे पडू लागते, आणि भाकरीचा तवा त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. असा डाग पृष्ठभागावर बसलेला नसून लादीच्याच अंगात उतरलेला असतो, म्हणून घासून जात नाही. शिवाय एकाच जागी अचानक उष्णता लागल्यास लादीला तडाही जाऊ शकतो.

तेव्हा प्रश्न दगडाचा कमी आणि आपल्या सवयीचा अधिक आहे. घरातील प्रत्येक जण दरवेळी तव्याखाली लाकडी पाट किंवा स्टँड ठेवील, अशी खात्री असेल तर क्वार्ट्झ अवश्य घ्यावा. माझा अनुभव असा की, पाहुणे आले आणि पोळ्यांची घाई झाली की हा नियम पहिल्यांदा मोडतो. आपला ओटा इंग्रजी एल आकाराचा असेल, तर शेगडीच्या बाजूला काळा ग्रॅनाइट कायम ठेवून दुसऱ्या बाजूला क्वार्ट्झ बसवावा, हा मला सर्वांत व्यवहार्य मार्ग वाटतो. दोन दगडांचा सांधा कोपऱ्यात येतो आणि दिसायलाही वाईट दिसत नाही.

हळदीबद्दल आपण विचारलेले नाही, पण पांढऱ्या रंगाचा विचार करताना ते विचारायलाच हवे. सांडलेली आमटी लगेच पुसल्यास काही होत नाही. रात्रभर राहिल्यास पिवळी छटा उरू शकते. निवडलेल्या लादीचा तुकडा मागून घ्यावा, त्यावर तेलात कालवलेली हळद आणि लिंबाचा रस रात्रभर ठेवावा आणि सकाळी साध्या साबणाने धुऊन पाहावा. दुकानातील दिव्यांच्या झगमगाटापेक्षा हा तुकडा अधिक सांगतो. बाथरूमसाठीचे तीव्र अॅसिड ओट्यावर कधीही वापरू नये. सिंकसाठी कापलेल्या जागेचे कोपरे काटकोनी न ठेवता गोलसर करून घ्यावेत, कारण तडा बहुतेक वेळा तेथूनच सुरू होतो.

प्रश्न : लादी घरी आणून गॅलरीतच कापून देतो, त्यात पैसे वाचतील, असे कारागीर म्हणतो. चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. क्वार्ट्झ कोरडा कापताना उडणाऱ्या अतिसूक्ष्म धुळीत सिलिकाचे, म्हणजे गारगोटी ज्याची बनलेली असते त्या द्रव्याचे, प्रमाण फार मोठे असते, आणि ती श्वासावाटे फुप्फुसात साचत गेल्यास सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार जडतो. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. बसवलेला ओटा रोजच्या वापरात ही धूळ सोडत नाही, त्यामुळे घरच्यांनी त्यावर स्वयंपाक करताना भिण्याचे कारण नाही. धोका मुख्यतः कापणाऱ्याला आहे, आणि नाकाला बांधलेला रुमाल त्याचे रक्षण करत नाही. सिंक, नळ आणि शेगडीची मापे आधीच पक्की करून, पाण्याच्या धारेखाली कापणाऱ्या यंत्रावर कारखान्यातच लादी तयार करून घ्यावी. नळाचे भोक मागाहून पाडायचे राहिले, की ड्रिल घेऊन तोच कारागीर आपल्या गॅलरीत उभा राहतो, म्हणून नळ आधी विकत घ्यावा.