पहिला मीडिया संच घेताना
टिळकवाडीतल्या नव्या घरासाठी तुम्ही ५५ इंची ४के टीव्ही, साउंडबार आणि मीडिया प्लेअर एकदमच घ्यायचे ठरवले आहे. माझ्या मते आधी टीव्ही घ्यावा, महिनाभर वापरावा आणि मगच आवाजाच्या उपकरणांकडे वळावे. या पडद्यासमोर साधारण साडेसहा ते आठ फुटांवर बसता यावे, म्हणून खोली मोजूनच दुकानात जावे. टीव्ही आणि साउंडबार या दोन्हींना ई-आर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून साउंडबारकडे नेणारी, आर्कची सुधारित सोय) आहे ना, हे मात्र नक्की पाहावे, कारण साध्या आर्कमधून ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांचा) आवाज कॉम्प्रेस होऊनच जातो, तर ई-आर्कमधून तो मूळ दर्जासह पोहोचतो. केबलवर उगाच हजारो रुपये घालवू नयेत. ४के ६० हर्ट्झसाठी (सेकंदाला ६० चित्रे) सेकंदाला १८ गिगाबिट वेगाची प्रमाणित एचडीएमआय केबल पुरते.

खरा खर्च करावा तो अर्थिंगवर. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत वळीव येतो तो विजांसह. अशाच एका संध्याकाळी माझ्या प्लेअरचे पोर्ट जळाले, आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारे उपकरण) लावून मी निर्धास्त होतो खरा, पण भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगच नव्हते! गडगडाट ऐकू येण्याची वाट न पाहता, आभाळ भरून येताच टीव्हीचा प्लग आणि डिशची केबल, दोन्ही काढून ठेवावीत.