स्वतःच्या डोमेनवर ईमेल घेताय?

डोमेन म्हणजे पत्त्यातलं @ नंतरचं नाव. ते छोटं घ्या, फोनवर एका दमात सांगता येईल असं. नावात 'व' असेल तर डब्ल्यू की व्ही, हे जन्मभर सांगत बसाल. आलेला मेल कुठे पोचवायचा ते एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे डोमेनच्या सेटिंगमधली एक नोंद, ठरवतं. मेल सेवेने दिलंय तसंच टाका. खरी मेख एसपीएफमध्ये आहे, म्हणजे तुमच्या डोमेनच्या नावाने कोणत्या सेवा मेल पाठवू शकतात त्या यादीत. एका डोमेनला त्याचा एकच रेकॉर्ड चालतो. मी दुसरी सेवा जोडताना दुसरा टाकला आणि माझे मेल स्पॅममध्ये जाऊ लागले! दोन्ही सेवा एकाच ओळीत लिहायच्या असतात. डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सहीही लावा, २०२४ पासून जीमेल याबाबत जास्त कडक झालंय. आणि हो, डोमेन जिथून घ्याल त्या खात्याला जुनाच ईमेल पत्ता द्या, या डोमेनवरचा नको. नाहीतर मुदत उलटली की नूतनीकरणाची आठवण बंद पडलेल्या पत्त्यावरच जाईल.