खानापूरच्या मंगल कार्यालयात शूट केलेल्या लग्नाच्या व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. काय करू?

कॅमेऱ्याच्या मेनूत एनटीएससीऐवजी पाल (PAL) ही व्हिडिओ पद्धत निवडा, सेकंदाला 25 फ्रेम ठेवा आणि शटर 1/50 सेकंद करा. स्लो मोशनला 50 फ्रेम आणि 1/100. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. 1/60 शटर त्या ठेक्यात बसत नाही. बेळगाव-निपाणीकडची लग्नं मी शूट करतो आणि एडिटही मीच करतो. अक्षता पडताना नवरीच्या शालूवरून सरकणारा पट्टा एडिटिंगमध्ये पूर्ण निघत नाही, म्हणून हे आधीच करा. काही कॅमेरे पाल करताना कार्ड फॉरमॅट करायला, म्हणजे पुसून कोरं करायला सांगतात, तेव्हा बदल हळदीच्या आदल्या दिवशीच उरका. मात्र स्टेजमागची एलईडी वॉल आणि स्वस्त डिमरचे दिवे हा हिशेब पाळत नाहीत. तिथे स्क्रीनकडे बघत शटर थोडं थोडं सरकवून पट्टे थांबतील तो आकडा पकडावा लागतो.